छिन्नमनस्कता : औषध आणि आधार



छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया हा आईवडिलांच्या संस्कारांचा दोष नव्हे. जैविक दुर्बलता व जीवनातील ताण यांच्या संयोगातून हा विकार उद्भवतो, असे झुबिन व स्प्रिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडले. एकरूप जुळ्यांपैकी एकास तो जडला, तरी दुसऱ्यास जडतोच असे नाही. आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे, ताण बेताचा असेल तर नाजूक सूतही तुटत नाही.

म्हणून उपचारही दुहेरी हवा. औषधाने दुर्बलता सावरते, घरातील सौम्य वाणीने ताण हलका होतो. सतत दोषारोप होणाऱ्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो, असे लंडनमधील संशोधनात १९७२ साली आढळले. विवाह हा त्यावरील उपाय नव्हे. डॉक्टरांना विचारल्याविना गोळ्या थांबवू नयेत. रुग्णाला लपवू नका, सांभाळा.