सुटं तेल आणि मोघम इशारा
(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अन्नातून विषबाधा झाली की पहिला सवाल घरातल्या बाईलाच येतो, 'नीट बघून आणता येत नाही का?' आज या सवालाबद्दलच बोलू या.

१९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातून ड्रॉप्सीची साथ आली. पाय सुजायचे, धाप लागायची, काहींचं हृदय निकामी व्हायचं. ६०हून अधिक माणसं दगावली, हजारो आजारी पडली. तेलात भेसळ होती पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची. आपल्याकडे पडीक रानात उगवतो तोच हा काटेरी धोतरा. त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. भेसळ ओळखायला नायट्रिक अ‍ॅसिडची चाचणी लागते. मग चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईने ती ओळखायची कशी?

दिल्लीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. सप्टेंबरमध्ये केंद्राने खाद्यतेल पॅकबंदच विकण्याचा आदेश काढला. विष थांबवायला कडक पावलं हवीच होती. पण संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर बाटलीत थोडंसं तेल घेणाऱ्या बाईने काय करायचं? तिला पूर्ण पाकीट परवडत नाही. सुट्या तेलाची पावती मिळत नाही, आणि पावती नाही म्हणून तक्रारही उभी राहत नाही. पर्याय न देता नुसतं 'सावध राहा' म्हणणं म्हणजे जबाबदारी तिच्या माथी मारणं.

याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात दिसली. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसाने तो होत नाही. तरी दूरदूरच्या लोकांनी चिकन सोडलं. खरा धोका होता आजारी कोंबड्या हाताळणाऱ्यांना, त्यांची पिसं काढणाऱ्यांना, त्या कापणाऱ्यांना. धोका कुणाला आणि कशातून, हे स्पष्ट सांगितलं नाही की भीती भलतीकडेच पसरते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. इशारा देताना सांगा: माल कोणता, कुठला? लक्षणं कोणती? घरात असलेल्या मालाचं काय करायचं? त्याऐवजी रेशनवर काय मिळेल? काही अजून कळलं नसेल तर तसंही सांगा, आणि पुढची माहिती कधी देणार तेही. हे वस्तीत, वस्तीच्या भाषेत सांगा.

आणि एक हक्क लक्षात ठेवा. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्नाचा नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल सदोष निघाला तर फी परत मिळते. एकटीला हे जड जाईल. दुकानदार उधारी बंद करील ही भीती खरी आहे. पण गटाने मिळून नमुना दिला तर तो कुणाकुणाची उधारी बंद करील?

'नीट बघून आणता येत नाही का?' हा सवाल आता भेसळ करणाऱ्यांना आणि तपासणी करणाऱ्या खात्याला विचारू या.