घरचे दप्तर, परके टपाल
(नांदेड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ईमेल म्हणजे काय हे सांगण्याचे औद्धत्य मी करणार नाही. माझे भाषण सुरू होण्यापूर्वीच निम्म्या सभेने खिशातून फोन काढून ते पाहूनही घेतले आहे. (हशा) माझा सिद्धान्त एवढाच, की ज्या कुटुंबाचे खरेदीखत आणि सातबारा घरच्या कपाटात कुलूपबंद असतात, त्याचा पत्रव्यवहारही त्याच छपराखाली असावा. त्याला मोठा सरंजाम लागत नाही. एक जुना संगणक, त्यावर लिनक्स, पत्रांची ने-आण करणारी ‘पोस्टफिक्स’ आणि आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या पेटीत लावून घरातल्या कोणत्याही फोनवर वाचू देणारी ‘डोव्हकॉट’, एवढे पुरे. मांडणी कोणताही जाणकार करून देईल.

या यंत्रांचे आपसातील बोलणे मात्र मोठे दरबारी असते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लेखबद्ध केलेल्या शिरस्त्याप्रमाणे येणारे यंत्र आधी स्वतःचे नाव सांगते, मग पाठवणाऱ्याचे, मग ज्याला पत्र द्यायचे त्याचे; प्रत्येक वेळी समोरून ‘२५०’ असा रुकार मिळाला की मजकूर सुरू होतो, आणि अखेरीस एका ओळीवर एकटे टिंब आले की पत्र संपले असे समजून पोहोच दिली जाते. नामंजुरी असेल तर ‘५५०’. आमच्या कचेऱ्यांतील बारनिशीत इतकी तत्परता मी पाहिलेली नाही. (हशा)

घरातल्या घरात हे विनातक्रार चालते. उंबरठ्याबाहेर मात्र हरकती निघतात. १९२.१६८ ने सुरू होणारे घरचे पत्ते खाजगी वापरासाठीच राखलेले, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या बहुधा पत्रांसाठीचे पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि तेथूनही निसटून गेलेले पत्र मोठ्या कंपन्या घरगुती जोडणीवरून आले एवढ्याच कारणावरून परत लावतात.

येथे निजामाच्या टपालाचे स्मरण होते. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली, आणि त्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी व तेलुगू यांच्या शेजारी आमची मराठीही बसली. ज्या राजवटीत मराठीची उपेक्षा झाली म्हणून आपण आजही हळहळतो, तिच्या टपालखात्याने तरी हे सौजन्य दाखवले, हे कबूल करण्यात मुक्तिसंग्रामाचा अवमान होतो असे मला वाटत नाही. (काही श्रोत्यांची कुजबुज) मी निजामाची वकिली करीत नाही! मुद्दा असा, की ते तिकीट संस्थानापुरतेच होते: लातूरहून नांदेडला चाले, पण लातूरहून सोलापूरला पत्र धाडायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. १९५० साली ते टपाल भारतीय टपालात विलीन झाले, आणि चार लिप्यांची ती तिकिटे संग्राहकांच्या वह्यांत गेली. माझ्याकडील एक तिकीट आपणांस दाखवणार होतो, परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे.

तेव्हा त्वरेने सांगतो. आत आपले तिकीट, सरहद्दीपलीकडे दुसऱ्याचे. जाणारी पत्रे पोस्टफिक्सने एखाद्या प्रस्थापित सेवेच्या हवाली करावीत. येणारी तिच्या पेटीतून ‘फेचमेल’ने ठरावीक वेळाने उतरवून घ्यावीत. पहिल्या रांगेतील प्राध्यापक मान हलवीत आहेत, की मग स्वातंत्र्य राहिले कोठे? महाराज, वाहतूक परक्याची राहील. परंतु ते परके उद्या खाते गोठवोत वा दर वाढवोत, वीस वर्षांची पत्रे आपल्याच दप्तरात असतील आणि वाहक बदलला की काम भागेल. (टाळ्या)

दप्तराची नक्कल दुसऱ्या गावी असावी. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादात मी पडत नाही. नांदेडच्या दप्तराची नक्कल लातूरच्या बहिणीकडे असावी, तिची येथे. (हशा)

लातूरहून आलेल्या पाहुण्यांनी चिठ्ठीने विचारले आहे, की भारनियमनात काय करावे. काही करू नये. पत्रे बाहेरच्या पेटीत थांबतात आणि वीज आली की उतरतात. फक्त संगणक पुन्हा आपोआप सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये पहिल्याच दिवशी करून ठेवावी.