नजरेची दुसरी परीक्षा

कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतील गांव इचलकरंजीला इतकें खेटून आहे कीं, एकाची हद्द कोठें संपली व दुसऱ्याची कोठें सुरू झाली हें मागांच्या खडखडाटावरून तरी पाहुण्याला कळणार नाहीं. इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसला आणि तो व्याप पुढें शेजारच्या गांवांत पसरला. या मागांवरचें पुष्कळसें कापड कोरें असतें. म्हणजे ताणा पांढरा, बाणा पांढरा, आणि एखादी तार तुटली तर मागें राहिलेली फटही जवळजवळ पांढरीच. ती वेळीं दिसली नाहीं तर कापडांत दोष राहतो आणि बोल विणणाऱ्याला लागतो.

समजा, असा एखादा पन्नाशीचा कामगार नीट दिसत नाहीं म्हणून डोळे तपासावयास गेला. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ त्यानें घडाघडा वाचली. नजर ६/६ ठरली. आणि मालकाला वाटलें, याचें लक्षच कामांत नाहीं. येथें कामगारही खोटा नाहीं व तक्ताही खोटा नाहीं. हॉलंडमधील हेर्मान स्नेलेन यांनीं १८६२ सालीं प्रसिद्ध केलेला तो तक्ता एवढेंच विचारतो कीं, पांढऱ्यावरचें काळें ठळक अक्षर किती बारीक झालें तरी ओळखतां येतें. माग विचारतो तें निराळेंच: पांढऱ्यावर पांढुरकें कितपत दिसतें?

या दुसऱ्या शक्तीला छायाभेदाची जाण म्हणतां येईल. छायाचित्रकार ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात तोच हा छायाभेद. डोळा नुसता प्रकाश मोजीत नाहीं, तो शेजारशेजारच्या प्रकाशांची तुलना करितो. भर उन्हांत धरलेल्या वर्तमानपत्राची काळी शाई रात्रीं दिव्याखालच्या कोऱ्या कागदापेक्षां अधिक प्रकाश डोळ्यांत पाठविते, तरी शाई काळीच दिसते व कागद पांढराच.

या तुलनेची मर्यादा शोधण्याचा एक सुंदर प्रयोग फ्रान्समधील पिएर बुगे यांनीं केला; त्यांच्या मृत्यूनंतर १७६० सालीं तो छापला गेला. त्यांना दोन मेणबत्त्या, एक काठी व पांढरा पडदा एवढें साहित्य पुरलें. एका मेणबत्तीनें पडदा उजळावयाचा, दुसरीनें त्यावर काठीची सावली पाडावयाची, आणि सावली नाहींशी होईपर्यंत ही दुसरी मागें मागें न्यावयाची. ती पहिलीच्या सुमारें आठपट दूर गेली तेव्हां सावली लोपली. अंतर आठपट झालें कीं प्रकाश चौसष्टांश होतो. अर्थात् चौसष्टांत एकाहून लहान फरक त्या डोळ्यांना कळेना. अंधाऱ्या खोलींत घरींही हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. आजोबांचा आंकडा नातवाहून निराळा निघाला तर नवल नाहीं.

केंब्रिजचे कॅम्पबेल व रॉबसन यांनीं १९६८ सालीं अक्षरांऐवजीं फिकट-गडद पट्टे दाखवून ही जाण मोजली. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदींत असे तीनचार पट्टे मावतात, तेव्हां डोळा सर्वांत तल्लख असतो. पट्टे बारीक झाले तर तो मंदावतो हें अपेक्षितच. पण फार रुंद झाले तरीही मंदावतो, हें विशेष. दवाखान्याच्या सोयीचा तक्ता मात्र याच रॉबसन यांनीं डेनिस पेली यांच्यासह १९८८ सालीं तयार केला. त्यांत सर्व अक्षरें सारखींच मोठीं. एका मीटरवरून वाचावयाचीं. दर तीन अक्षरांनीं शाई फिकट होते आणि दोन पायऱ्यांत छायाभेद निम्म्यावर येतो. शेकडा एक इतका फरक ओळखणाऱ्याला दोन गुण. शेकडा दहाशींच अडखळणाऱ्याला एक. तपासणाऱ्यानें घाई करूं नये, कारण फिकट अक्षर कांहीं सेकंद पाहत राहिल्यावर हळूहळू उमटतें.

मोतीबिंदु कोवळा असतां आंतील भिंग गढूळ होतें व प्रकाश विखुरतो; काळीं अक्षरें निभावतात, परंतु संध्याकाळीं समोरून मोटारीचा दिवा आला कीं सारें धुरकटतें. कांचबिंदूंत व मधुमेहानें नेत्रपटल बिघडूं लागलें असतांही ही जाण उणावलेली आढळते. दृष्टिमज्जेचा दाह ओसरल्यावर कित्येकांची नजर ६/६ वर परत येते, तरी जग विटल्यासारखें दिसतें अशी त्यांची तक्रार राहते. ती पुष्कळदां खरी असते, आणि फिकट अक्षरांच्या तक्त्यावर तिला पुरावा मिळतो. मात्र हा तक्ता रोगाचें नांव सांगत नाहीं. तें शोधावयास डोळा आंतून पाहिलाच पाहिजे.

नंबर बदललेला असेल तर चष्म्यानें काम भागतें. मोतीबिंदूंत शस्त्रक्रियेनें बहुधा सुधारणा होते. जेथें हे दोन्ही उपाय लागू नाहींत, तेथें वस्तूचाच छायाभेद वाढवावा लागतो. पांढऱ्या सुताच्या मागें काळा पडदा, दिवा डोक्यावर न टांगतां बाजूनें तिरपा, तपासणीच्या टेबलाखालून प्रकाश, म्हणजे फट उजळून दिसावी. घरांत तर खर्चही फारसा नाहीं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटें रुंद काळा पट्टा ओढावा, आणि आजीला दूध पांढऱ्या पेल्यांत न देतां गडद रंगाच्या पेल्यांत द्यावें.