घड्याळातली साखर



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आरोग्याच्या जाहिराती आज आपल्यापर्यंत पोचतात त्या सॉफ्टवेअरमधूनच. म्हणून या विषयावर बोलायला उभा राहिलो.

मोबाइलवर एक जाहिरात फिरते : 'सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ.' अशा घड्याळाच्या मागे हिरवा दिवा असतो. त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून नाडीचे ठोके कळतात. साखर कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्ये स्पष्ट इशारा दिला, की स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन जास्त घेतलं, तर काही तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी असं घड्याळ मागवलं. मी समजावू लागलो तर म्हणाले, "बेटा, इतकी जाहिरात येते, म्हणजे कुणीतरी तपासलीच असेल ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्याला माहीत हवं. १९८५ साली जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमं यांनी मिळून मुंबईत अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे 'अ‍ॅस्की', स्थापन केली. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, असा तिचा नियम आहे. पुरावा नसेल तर ती जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. तो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे : पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत. पण हे सारं बहुधा जाहिरात दिसल्यानंतरचं.

वर्तमानपत्रातली जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसायची. एखादा डॉक्टर ती वाचून तक्रार करायचा. मोबाइलवर मात्र ज्याने 'शुगर' शोधलं, त्यालाच ती नेमकी दिसते. म्हणजे फसवणुकीचा साक्षीदार बहुतेकदा रुग्णच, आणि त्यालाच ती फसवणूक ओळखता येत नाही. अ‍ॅस्की डिजिटल जाहिरातींवर स्वतःही नजर ठेवते, पण रोजचा हा पूर तिला एकटीला कसा पुरणार?

भारतात ग्लुकोमीटर बनवायला किंवा आयात करायला परवाना लागतो. मग अशा उपकरणाची जाहिरात स्वीकारतानाच परवाना क्रमांक का मागू नये? फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा आणि क्रमांक पडताळायचा. आमच्या क्षेत्रात हे अवघड काम नाही. स्वनियमन म्हणवणाऱ्या उद्योगाने एवढं तरी आधी करावं.

तोवर आपण काय करायचं? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर अशी जाहिरात दिसली, तर स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि लिंक जपून ठेवा, अ‍ॅस्कीकडे तक्रार करा. आणि बोटाला सुई टोचून होणारी तपासणी अशा घड्याळाच्या भरवशावर बंद करू देऊ नका.