कुणीही खोडू शकेल अशी वही

गटाचं दप्तर लिहिणाऱ्या तायांनी आज जरा जास्त कान द्या, कारण विषय तुमच्याच कामाचा आहे.

मोबाईलवर एखादं काम कसं करायचं हे आपण कागदावर लिहून घेतो. आधी इथं दाबा, मग तिथं दाबा. कागद भिंतीला चिकटवतो. दोन महिन्यांनी नवीन अपडेट येतं आणि बटण जागेवर नसतं. कागद मात्र तसाच. मग एखादी वहिनी मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून तालुक्याला जाते आणि काम न होताच परत येते. वर लोक म्हणतात, बायकांना मोबाईल कळत नाही. अहो, कागद जुना होता! माणसाला न कळणं वेगळं आणि माहिती शिळी असणं वेगळं.

ही अडचण मोठमोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही येते. त्यातलं काही सॉफ्टवेअर मुक्त असतं, इंग्रजीत त्याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे ते कसं बनवलंय ते कुणालाही उघडून पाहता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. भातलावणीला आपण सावड करतो ना, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, तसं जगभरची माणसं मिळून ते बनवतात. पण सॉफ्टवेअर सावडीनं बनलं तरी ते वापरायचं कसं, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी अनेक ठिकाणी विकी वापरतात.

विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल असं पान. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसानं 1995 मध्ये पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांवरच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. तिथल्या विमानतळावर त्या नावाची बस होती, तिच्यावरून त्यानं हे नाव घेतलं. आपल्या घाटातल्या एसटीवरून कुणी झटपट हे नाव घेतलं नसतं, ते सोडा.

आपल्या शेजारी वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. तिथं जाणकार लिहितात, संपादक तपासतात, मग छापतात. ती पद्धत आपल्या जागी चांगलीच. पण दर महिन्याला बदलणाऱ्या गोष्टीसाठी छापलेलं पुस्तक पुरं पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कुणीही खोडू शकतं म्हटल्यावर त्या वहीवर भरवसा कसा ठेवायचा? मलाही हा प्रश्न बैठकीत नेहमी विचारतात. विकीच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कधी, कोणता शब्द बदलला, सगळं तिथं दिसतं. कुणी वाकडं लिहिलं तर आधीचं पान परत आणता येतं. आपल्या ठराव वहीत कधीकधी व्हाइटनर लावलेला सापडतो. तिथं व्हाइटनरच नाही.

मराठीतली सगळ्यात मोठी विकी म्हणजे मराठी विकिपीडिया. ती 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनी, सुरू झाली. तिथं लोकांनी शब्द किती आपले वापरलेत बघा. सगळ्यांनी बोलायची जागा म्हणजे ‘चावडी’. नव्या माणसाला लिहायचा सराव करायला ‘धूळपाटी’. पूर्वी पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायचे, तीच ही. जास्त अधिकार दिलेले कार्यकर्ते म्हणजे ‘प्रचालक’. दोघांचं पटलं नाही तर पानावर खोडाखोडी करत बसायचं नाही, शेजारच्या ‘चर्चा’ पानावर बोलायचं.

पण खरं काम लिहिण्यात नाही, राखण्यात आहे. अंगण एकदा सारवून भागत नाही, तसंच. हेच बघा, 2024 मध्ये सरकारनं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. विकीवर अशा वेळी जुन्या नावाचं पान पुसून टाकत नाहीत. जुनं नाव शोधणारीला आपोआप नव्या नावाच्या पानावर नेऊन सोडतात. त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. पण ते कुणीतरी करावं लागतं, आणि तसं करणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. दप्तर लिहिणाऱ्या ताईचं तरी कोण घेतं?

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव मीडियाविकी. तेही मुक्तच. त्याची मदतीची पानं विकीवरच आहेत, आणि भाषांतरासाठी त्यांचे छोटे तुकडे केलेले असतात. मूळ इंग्रजी तुकडा बदलला की भाषांतरातला तेवढाच भाग फिकट गुलाबी दिसायला लागतो. म्हणजे वाचणारीला कळतं, एवढं शिळं असू शकेल, जपून. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्या भिंतीवरचा कागद कधी गुलाबी होत नाही.

म्हणून ग्रामसंघासाठी माझं म्हणणं असं. मोबाईलवरच्या कामांची एक वेगळी वही करा, एका कामाला एक पान. वर तारीख आणि लिहिणारीचं नाव. काही बदललं तर जुन्यावर एकच रेघ मारा, खाली नवीन लिहा, सही करा. गिरवून काळं करू नका, जुनं वाचता आलं पाहिजे. आणि तपासायला हुशार ताईला बसवू नका. तिला सगळं येतं, त्यामुळे मधली एखादी पायरी गाळलेली तिला दिसतच नाही. ‘सेटिंगमध्ये जा’ असं ती लिहून मोकळी होते. ज्या मावशीनं ते काम कधीच केलं नाही तिला पान वाचून दाखवा आणि मोबाईल तिच्या हातात द्या. ती जिथं थांबेल तिथं तुमचं पान अपुरं आहे. दप्तर लिहिणारी ताई लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली की गटाचं काम अडतं, हे आपण किती वेळा पाहिलंय! तिच्या डोक्यातलं ती असतानाच पानावर उतरवून घ्या.

एक सांभाळा. कुणाचा आधार नंबर, खाते नंबर, पासवर्ड या पानांवर कधीही लिहू नका. उद्या तुमच्यातल्या एखादीनं खऱ्या विकीवर लिहायला घेतलं तर तिथंही हेच. पानावरून खोडलं तरी ते इतिहासात राहतं, आणि तिथून लपवायला प्रचालकांनाच सांगावं लागतं.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं एक पान लिहून आणा. कोणत्याही एका कामाचं चालेल. एका गावाचं पान दुसऱ्या गावाच्या मावशीच्या हातात देऊ आणि बघू, ती कुठं थांबते.