संरक्षणमंत्री यशवंतराव



हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपल्या घराघरांत अभिमानाने उच्चारले जाते. परंतु तेथे जाऊन सह्याद्रीने काय केले, हे मुलांना सांगितल्यावाचून तो अभिमान अपुराच राहील, असे आम्हांस वाटते.

देवराष्ट्रे येथे १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे पितृछत्र बालपणीच हरपले. १९६० साली ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनपुढील माघारीने देश खचला असता पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. पराभवाची चौकशी झाली, तेव्हा तिचे सार त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेपुढे ठेवले. शिक्षण, साधने आणि नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. त्यानंतर १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना आली. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनांचे हवाई दल हे तिचे उद्दिष्ट होते.

कसोटी लवकरच आली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनापतींनी हवाई दलाची मदत मागताच यशवंतरावांनी अनुमती दिली आणि त्याच सायंकाळी विमाने झेपावली. निर्णय मंत्र्याने घ्यावा, लढाई मात्र सेनानींनी लढावी, ही मर्यादा त्यांनी सांभाळली.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते निवर्तले. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पाशीच थांबते. युद्धकाळाचे पर्व त्यात आलेच नाही. ती कथा पुढील पिढीस सांगणे आता आपल्याकडे आले आहे.

भिलाईकरांना ती परकी नाही. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ला लागलेल्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे. सीमेवरील सैनिकाच्या पाठीशी कारखान्यातील कामगार उभा असतो. घरापासून दूर राहून, गाजावाजा न करता, नेमून दिलेले काम चोख करणे हाच यशवंतरावांचा खरा वारसा होय. तो या नगरीत अखंड राहो, हीच सुवर्णमहोत्सवी सदिच्छा.