घटाचा आकार आणि आपले कर्तव्य

(शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज बोलण्याविषयी विचारणा झाली तेव्हा आम्ही चालकांस म्हणालो की, आमचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापनाची पदविका एवढेच. आयुष्य गेले ते बाराखडी व पाढे शिकविण्यात. विद्वत्तेचे व्याख्यान आमच्याकडून व्हावयाचे नाही. परंतु ज्या घरी आम्ही जन्मलो त्या घराच्या अंगणात चाक फिरत होते, आणि त्या चाकावर जे आकार उमटत ते मुळात आले कोठून, हा प्रश्न अलीकडे आमच्या मनात घर करून राहिला आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपण मडक्याचे वर्णन कसे करतो ते पाहा. त्यास तोंड असते, गळा असतो, पोट असते, बूड असते. रांजणास खांदा असतो. देहाची ही नावे आपल्या पूर्वजांनी मातीस उगाच दिली नाहीत. भोपळा, कवठ, पाखराचे अंडे, आईचे उदर, जेथे जेथे सृष्टीस काही जपून ठेवावयाचे असते तेथे ती गोलाई योजते. भांड्यास कोपरा ठेवला की वाळताना तेथे ताण पडून तडा जातो. गोल भिंत सर्व बाजूंनी सारखी आक्रसते. थोड्या मातीत अधिकांत अधिक पाणी मावावयाचे तर गोलासारखा दुसरा आकार नाही. तीन दगडांच्या चुलीवर गोल बूड नीट बसते आणि आच चहूकडे सारखी लागते. गळा आवळता ठेवला म्हणजे डोईवरचे पाणी हिंदकळून सांडत नाही, शिवाय दोराचा फास अडकविण्यास जागा होते. पोट जितके फुगीर तितके ते वाऱ्यास अधिक सापडते. पाझरलेले पाणी उडून जाता जाता आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून माठातले पाणी वैशाखातही गार लागते. निसर्गाचे अनुकरण म्हणजे केवळ पानाफुलांची नक्कल, असा पुष्कळांचा समज आहे. ज्या नियमाने फळ गोल होते तोच नियम हाताने पाळणे, हे आमच्या मते खरे अनुकरण होय. आमचे वडील अक्षरशत्रू होते, परंतु हा नियम त्यांच्या तळहातास पाठ होता.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु आपल्या माणसांत सांगावयाची नाही तर कोठे सांगावयाची? नोकरी लागली त्या वर्षी आम्ही वडिलांस म्हणालो, "दादा, मास्तरचा बाप आठवड्याच्या बाजारात मडकी मांडून बसतो, हे आता बरे दिसत नाही." दादांनी वाद घातला नाही. त्यांनी चाक उचलून गोठ्याच्या भिंतीस टेकवून ठेवले, ते पुन्हा काही मांडले नाही. थापी मात्र अखेरपर्यंत त्यांच्या उशाशी असे. आणि इकडे आम्ही वर्गात काय करीत होतो? चित्रकलेच्या तासास फळ्यावर घट काढून त्याच्या दोन्ही कडा पट्टीने मोजून सारख्या करावयास मुलांस शिकवीत होतो! घरातला घट बंद केला आणि फळ्यावरचा घट गिरविला, असा हा आमचा विद्याव्यासंग.

निवृत्तीनंतर एकदा पुण्यास डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाण्याचा योग आला. तेथे आपल्याच शिरूर तालुक्यातील, घोडनदीकाठच्या इनामगावची भांडी मांडलेली आहेत. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे आख्खे गाव उजेडात आणले. दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमाजवळ वाळकी येथेही त्याच लोकांच्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्यांची भांडी लाल, पक्की भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. गोरोबाकाकांनी संतमंडळींस थापटून कच्चे-पक्के पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ही भांडी तीन हजार वर्षांनंतरही त्या परीक्षेस उतरली.

इनामगावात कुंभाराची भट्टी सापडली. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेस राहत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. मातीच्या एका लहान पेटीत मस्तक नसलेली देवीची मूर्ती होती आणि तिच्यासोबत मातीचा बैल. तो बैल पाहून आम्ही जागीच थबकलो. पोळ्यास आमची आई जे बैल करी, त्यांचा सख्खा पूर्वजच आमच्यासमोर उभा होता!

परंतु ज्यापुढे आमचे पाय खिळले तो होता चार पायांचा मोठा रांजण. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तो पुरलेला होता. माती कच्ची, अंग माणसाच्या पोटासारखे फुगीर, आणि आत पाय दुमडून बसविलेला एक प्रौढ पुरुष. तो गावाचा मुख्य असावा, असे विद्वान मानतात; आणि हा आकार गर्भाशयाचा, असा त्याचा अर्थ लावतात. जन्मास येताना मूल जसे बसलेले असते तसेच त्यास मातीच्या उदरात परत ठेवले. तो रांजण ज्याने घडविला त्यास निसर्गाचा आकार म्हणजे काय, हे कोणी सांगावयास हवे होते काय? त्या काचेपुढे उभे असता आम्हांस दादांची आठवण झाली, आणि डोळे पुसावे लागले.

हा वारसा पुढे खंडित झाला नाही. देवळाच्या शिखरावरील आमलक आवळ्यापासून आला. खांबांवरील घटपल्लव म्हणजे पालवी फुटलेला आपलाच घट. मुंबईच्या ज्या स्थानकास आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, ते १८८८ साली पूर्ण झाले. त्याच्या दगडी पानाफुलांचे व पशुपक्ष्यांचे काम तेथील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करविले गेले. स्पेनमधील बार्सेलोना शहरी गौदी नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने योजिलेल्या मंदिराचे खांब झाडासारखे फांद्या पसरून छत तोलतात. जग ज्यास आज थोर कला म्हणते, त्या वाटेवर आपले वाडवडील अनवाणी चालत आले आहेत.

यास्तव तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरांतील वृद्धांकडून भांड्यांची, अवजारांची व आकारांची नावे आजच वहीत उतरून घ्यावीत. डेरा, परळ, सुगड, बोळके हे शब्द बोलणारी माणसे गेली की शब्दही गेले. दुसरी, समाजाच्या निधीतून मुलामुलींस शासकीय रेखाकला परीक्षांस बसविण्याची सोय व्हावी. पण घट काढण्यापूर्वी त्यांनी निदान एकदा ओल्या मातीत हात घालावा. तिसरी, पोरांनी शिकावे, मोठ्या हुद्द्यावर जावे, चाक फिरविलेच पाहिजे असा आमचा मुळीच आग्रह नाही. मात्र त्या चाकाची लाज बाळगू नये. लाज बाळगून काय हाती लागते, हे आमच्याकडे पाहून समजावे.

दादांचे चाक आम्ही गेल्या दिवाळीत गोठ्यातून अंगणात आणले आहे. ते फिरविणे आम्हांस साधत नाही. माती हातातून निसटते. पण आमची नात त्यावर बसते, आणि परवा तिच्या हातून एक बोळके उतरले. एका अंगास किंचित कलले आहे. आम्ही त्यास पट्टी लावली नाही.